मालकाची मुलं म्हणतात "नवा कागद करू": जुन्या गाळ्याच्या भाडेकरूने काय करावं?

शाईचे हात
नमस्कार मंडळी. एरवी मी इथे फक्त वाचत असतो. आज सल्ला हवा आहे म्हणून धागा काढतोय.

जुन्या नाशकात आमचं छपाई आणि बायंडिंगचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, शाळांची प्रगतिपुस्तकं अशी कामं करतो. गाळा वडिलांनी १९७८ साली भाड्याने घेतला. लेखी करार झाला नव्हता, सगळं तोंडी. पण भाड्याची पावती पहिल्या महिन्यापासून आहे आणि आईने त्या सगळ्या पावत्या वर्षवार सुतळीने बांधून पत्र्याच्या पेटीत ठेवल्या आहेत. वडील २०११ मध्ये गेले. त्यांच्या हयातीतच मी दुकानात बसायला लागलो होतो, नंतर सगळं माझ्याकडे आलं. पावती मात्र आजही वडिलांच्याच नावाने फाटते. भाडं महिना ६४० रुपये.

मूळ मालक अतिशय सज्जन होते. ते गेल्या वर्षी वारले. त्यांची दोन्ही मुलं पुण्याला असतात. मध्यंतरी येऊन म्हणाली, "काका, तुम्ही घरचेच आहात, पण सगळा व्यवहार तोंडी आहे. आपण एक नवा कागद करून घेऊ, फक्त फॉर्मॅलिटी." नंतर जो मसुदा आला तो लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे भाडेहक्क न देता ठरावीक मुदतीपुरती जागा वापरायची नुसती परवानगी (ती घेणारा तो लायसन्सी). मुदत ३६ महिने, महिना १८,००० रुपये, डिपॉझिट दीड लाख. त्यात एक कलम असं आहे: 'लायसन्सी यांनी सदर गाळा वापरासाठी आजरोजी प्रथमच घेतला असून त्यांचा यापूर्वी सदर गाळ्यावर कोणताही हक्क नव्हता.' हे वाचल्यावर मी सही थांबवली. तेव्हापासून त्यांनी भाडं घेणंच बंद केलं आहे. बँकेतून पाठवलेली रक्कमही त्यांनी परत पाठवली.

सही नाकारली म्हणून ते मला काढू शकतात का? भाडं घेत नाहीत आणि उद्या तेच थकबाकीची केस टाकतील का? पावती वडिलांच्या नावाची, मग माझा हक्क धरतात का? ६४० रुपये आजच्या काळात फारच कमी आहेत हे मलाही कळतं. वाढवून द्यायला माझी ना नाही. पण हा गाळा गेला तर या वयात दुसरीकडे ऑफसेट मशीन हलवून नव्याने घडी बसवणं मला झेपणार नाही, आणि दोन कामगारांची घरं या दुकानावर चालतात.

गाळा नंबर नऊ
काका, सही अजिबात नको. आमच्या ओळीतल्या दोघांनी अशाच कागदावर सह्या केल्या. मुदत संपल्यावर दोघांनाही जागा खाली करायची नोटीस आली. शुभदाताई या विषयात रोज कोर्टात असतात, त्या लिहितीलच.

शुभदा_वकील
तुम्ही सही थांबवलीत हे फार चांगलं केलंत. कागद न बघता शेवटचा शब्द कुणी देऊ नये, पण तुम्ही लिहिलंय त्यावरून चित्र बरंच स्पष्ट आहे.

तुम्ही उतरवून दिलेलं ते कलम म्हणजेच सगळा डाव आहे. तुम्ही आज भाडेकरू आहात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ (आपण सगळे ज्याला रेंट अ‍ॅक्ट म्हणतो तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला) तुमचं संरक्षण करतो. हा कायदा राज्यातल्या प्रत्येक गावाला लागू नाही, अनुसूचीत दिलेल्या शहरांना आहे. नाशिक त्यात येतं. 'यापूर्वी माझा कोणताही हक्क नव्हता' यावर सही केलीत की तुम्ही होऊन जुना भाडेहक्क सोडून दिला, असा अर्थ त्यातून काढता येतो. ३६ महिन्यांनी तुम्ही केवळ मुदत संपलेले लायसन्सी उरता. 'मला घरचं समजून सही करायला सांगितलं' हे नंतर सिद्ध करत बसण्याचा भार तुमच्यावर. नोंदवलेल्या लेखी कागदाविरुद्ध तोंडी पुरावा देणं किती अवघड जातं ते मी रोज बघते.

कागदाला नाव काय दिलंय यापेक्षा प्रत्यक्ष व्यवहार काय आहे ते कोर्ट बघतं, हे तत्त्व सुप्रीम कोर्टाने १९५९ च्या असोसिएटेड हॉटेल्स खटल्यातच सांगितलं आहे. पण त्या आधारावर सही करून मग भांडू, असं कुणी म्हणत असेल तर ऐकू नका. सही न करता मिळणारं संरक्षण सही करून परत मिळवायला अर्धं आयुष्य जातं.

आता तुमचे प्रश्न. सही नाकारणं हे जागा खाली करून घेण्याचं कारण कायद्यात कुठेही नाही. कारणं कलम १५ आणि १६ मध्ये दिली आहेत आणि त्यांतलं एखादं कोर्टात सिद्ध करावं लागतं. साधी १५ दिवसांची नोटीस देऊन तुम्हाला उठवता येत नाही.

पावतीच्या नावाबद्दल: धंद्याच्या जागेचा भाडेकरू वारला, तर त्याच्या मृत्यूच्या वेळी कुटुंबातली जी व्यक्ती त्या जागेत धंदा करत होती तिला कायदा भाडेकरू मानतो. ही तरतूद भाडेकरूच्या व्याख्येतच आहे, कलम ७(१५). २०११ च्या आधीपासून तुम्ही दुकानात होतात याचे पुरावे आत्ताच गोळा करा: शॉप अ‍ॅक्टचे जुने कागद, वीजबिलं, तुमच्या सहीची बिलबुकं, बँकेचं खातं. भाऊ-बहीण असतील तर त्यांची संमती लेखी घेऊन ठेवा, कारण आपसात एकमत झालं नाही तर वारस कोण ते कोर्ट ठरवतं.

थकबाकीची भीती खरी आहे. भाडं नाकारायचं आणि मग थकबाकी दाखवायची, हे वारंवार घडतं. पण कायद्यात त्यावर बांध आहे. कलम १५ प्रमाणे मागणीची लेखी नोटीस बजावल्यावर ९० दिवस उलटल्याशिवाय मालकाला थकबाकीचा दावा लावता येत नाही. दावा लागलाच, तर समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांच्या आत सगळी थकबाकी, त्यावर १५ टक्के सरळ व्याज आणि दाव्याचा खर्च कोर्टात भरायचा, आणि निकालापर्यंत दरमहा भरत राहायचं. मग त्या कारणावर जागा खाली करण्याचा हुकूम होत नाही. लोक इथेच घसरतात. पहिली रक्कम भरतात, वकिलावर भिस्त ठेवतात आणि पुढचे महिने भरायचं राहून जातं.

तोवर दर महिन्याला भाडं पाठवत राहा. बँकेतून पाठवा, परत आलं तर तो उतारा जपा. एकदा चेक आणि पत्र पोचपावतीच्या टपालाने पाठवा: 'अमुक महिन्यांचं भाडं देण्यास मी तयार होतो व आहे.' कायद्यातले शब्दही तेच आहेत, देण्यास तयार आणि राजी.

शाईचे हात
शुभदाताई, मनापासून आभार. भावाची ना हरकत मिळेल, बहिणीशी आजच बोलतो. शॉप अ‍ॅक्टच्या २००४ च्या नूतनीकरणावर वडिलांबरोबर माझं नाव आहे, ते सापडलं.

वाडामालक
मी दुसऱ्या बाजूचा आहे, म्हणून लिहितो. आमच्या वाड्यातल्या गाळ्यांचं सगळं भाडं एकत्र केलं तरी घरपट्टीला पुरत नाही. पावसाळ्यात भिंत फुगली तर दुरुस्तीचा खर्च माझ्या पेन्शनमधून होतो. त्याच रस्त्यावर नव्या इमारतीतल्या गाळ्याला मिळणारं भाडं ऐकलं की पोटात कालवाकालव होते. जुन्या बॉम्बे रेंट अ‍ॅक्टमध्ये भाडी वर्षानुवर्षं गोठवून ठेवणं अवाजवी झालं आहे, असं सुप्रीम कोर्टानेही १९९७ साली म्हटलं. त्यानंतर नवा कायदा आला आणि वर्षाला ४ टक्के वाढ मिळाली. पण ६४० चे ४ टक्के म्हणजे किती होतात ते बघा.

तरीही त्या मुलांनी केलं ते मला पटलं नाही. वडिलांच्या वयाच्या माणसाला 'फॉर्मॅलिटी' म्हणून असला कागद पाठवणं बरोबर नाही. सरळ बसून बोलायला हवं होतं. शाईचे हात यांनी भाडं वाढवून द्यायची तयारी आपणहून लिहिली आहे. आमचे भाडेकरू एवढं म्हणाले असते तर आमच्यात दहा वर्षं अबोला राहिला नसता. मला विचारायचं आहे ते हे: कायद्याच्या चौकटीत राहून दोघांना परवडेल असा मार्ग आहे का?

शुभदा_वकील
आहे, आणि मी स्वतः आधी तोच सुचवते. या दाव्यांमध्ये दोन पिढ्या जातात आणि शेवटी हाती लागतं ते अनेकदा पहिल्या बैठकीत मिळालं असतं त्याहून कमी.

भाडेहक्क कायम ठेवून त्याचं नूतनीकरण करताना मालकाला एकरकमी प्रीमियम घेण्याची मुभा कलम ५६ देतं. पूर्वी ही रक्कम पागडी म्हणून टेबलाखालून जायची. आता ती कागदावर दाखवून, बँकेतून देता येते. भाडेकरूलाही भाडेहक्क सोडण्यासाठी किंवा हस्तांतरासाठी मोबदला घेता येतो. भाडं किती वाढवायचं त्याला मात्र कायदेशीर मर्यादा आहेत, कारण प्रमाण भाडं (कायद्याने धरलेलं मूळ भाडं) आणि मान्य वाढीपलीकडची मागणी कलम १० खाली बेकायदा ठरू शकते. म्हणून भाडं, प्रीमियम आणि दुरुस्तीचा खर्च यांची मांडणी वकिलाकडून करून घ्या.

कागद करायचा तर तो भाडेकराराचा करा. त्यात १९७८ पासूनचा भाडेहक्क स्पष्ट शब्दांत मान्य असू दे, पावती तुमच्या नावावर होऊ दे, आणि सही मालकाच्या सगळ्या वारसांची असू दे. मालमत्ता पत्रकावर वारस नोंद झाली आहे का ते आधी बघा. बहिणी असतील तर त्याही हिस्सेदार आहेत. मुलं दोनच दिसतात म्हणून मालक दोनच असतात असं नाही.

आणि करार नोंदवा. इथे एक जुना गैरसमज आहे: '११ महिन्यांचा केला की नोंदणी लागत नाही.' नोंदणी कायद्यात एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे, त्यावरून ही पद्धत पडली. महाराष्ट्रात रेंट अ‍ॅक्टच्या कलम ५५ प्रमाणे हा कायदा आल्यानंतर केलेला भाडेकरार किंवा लिव्ह अँड लायसन्स, मुदत कितीही असो, लेखी आणि नोंदवलेलाच लागतो. नोंदवायची जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

कात्री कंगवा
मी पिंपरीत पार्लर चालवते. माझं जुनं काही नाही, दोन वर्षांपूर्वी नोंदवलेला लिव्ह अँड लायसन्स केला. पाच वर्षांची मुदत, त्यात तीन वर्षं लॉक-इन, म्हणजे तेवढा काळ मध्येच सोडता येत नाही. समोर मेट्रोचं काम सुरू झालं, गिऱ्हाईक कमी झालं आणि माझी दोन महिन्यांची फी थकली. परवा सकाळी गेले तर शटरला माझ्या कुलपाच्या वर मालकाचं कुलूप. आत माझ्या खुर्च्या, मशिनं, अपॉइंटमेंटची वही, सगळं. ते म्हणतात, लॉक-इनची उरलेली सगळी फी भरा, मग कुलूप काढतो, आणि डिपॉझिट जप्त. पोलिसांत गेले तर म्हणाले दिवाणी बाब आहे. मला कुणी सांगेल का, हे असं करता येतं?

शुभदा_वकील
नाही. असं करता येत नाही, आणि हे ठामपणे सांगते.

तुम्ही लायसन्सी आहात, तुमचे हक्क भाडेकरूपेक्षा कमी आहेत, हे खरं. पण प्रत्यक्ष ताब्यात असलेल्या माणसाला, त्याचा तिथे राहण्याचा हक्क संपला असं गृहीत धरलं तरी, मालकाने स्वतःच्या हाताने बाहेर काढायचं नसतं; कोर्टाच्या मार्गानेच काढायचं असतं. सुप्रीम कोर्टाने १९८९ च्या कृष्णा राम महाले प्रकरणात हेच सांगितलं, आणि तो वादही धंदा चालवायला दिलेल्या जागेचा होता.

अजून एक गोष्ट मालकांनाही ठाऊक नसते. मुदत संपलेल्या लायसन्सीला सक्षम प्राधिकाऱ्यापुढे झटपट बाहेर काढण्याची जी सोय कलम २४ मध्ये आहे, ती राहण्याच्या जागेसाठी आहे. दुकानाच्या लायसन्सला ती लागू नाही. तुमच्या मालकाला लघुवाद न्यायालयातच जावं लागेल, पुण्यात ते आहे.

आज काय करायचं ते सांगते. दोन्ही कुलपं दिसतील असा शटरचा फोटो काढा, जमल्यास शेजारच्या दुकानदाराला साक्षीला घेऊन. आतल्या सामानाची यादी करा, बिलं जोडा. पोलिसांत तोंडी नको, लेखी तक्रार द्या आणि प्रतीवर पोच घ्या. 'माझ्या मालकीचं सामान अडवून ठेवलं आहे' हे त्यात ठळक येऊ दे, कारण सामानाचा प्रश्न निव्वळ जागेचा दिवाणी वाद नाही. आणि या आठवड्यातच वकिलाकडून अंतरिम आदेशाचा अर्ज दाखल करा. विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली ताबा परत मागायला ६ महिन्यांची मुदत असते. लायसन्सीच्या बाबतीत समोरून त्यावर हरकत घेतली जाते, पण उशीर केलात तर तो मार्ग उरतच नाही. महिला म्हणून तुम्हाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. लाजू नका, तो तुमचा हक्क आहे.

लॉक-इनबद्दल. उरलेल्या सगळ्या महिन्यांची फी आपोआप मिळते असं समजू नका. भारतीय करार अधिनियमाच्या कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते, आणि कोर्ट देतं ती वाजवी भरपाई. मालकाने पुढच्या महिन्यात दुसरा लायसन्सी आणला तर त्याचं नुकसान तेवढंच. थकलेले दोन महिने मात्र तुम्ही देणं लागता, ती रक्कम डिपॉझिटमधून वळती करा असं लेखी कळवून टाका.

कात्री कंगवा
ताई, रडू आलं वाचून. उद्या प्राधिकरणात जाते. फोटो आत्ताच काढून आणले.

गाळा नंबर नऊ
कात्री कंगवा, आत माल असेल तर त्याच्या विम्याची मुदतही बघा. बंद शटरमागे काही झालं तर वाद आणखी वाढतो.

खतावणी
मी अकाउंट्सचं काम करतो, कराच्या बाजूने थोडं भर घालतो. करार करताना हे बहुतेक जण विसरतात आणि मग नोटिशीने जागे होतात.

१० ऑक्टोबर २०२४ पासून, धंद्याच्या जागेचा मालक जीएसटीत नोंदवलेला नसेल आणि भाडेकरू नोंदवलेला असेल, तर भाड्यावरचा १८ टक्के कर भाडेकरूने रिव्हर्स चार्जने स्वतः भरायचा असतो. कंपोझिशनवाल्यांना (उलाढालीवर ठरावीक दराने कर भरणाऱ्या छोट्या धंद्यांना) १६ जानेवारी २०२५ पासून यातून वगळलं. म्हणजे शाईचे हात यांची नियमित नोंदणी असेल तर ६४० वर ११५ रुपये, आणि त्या मसुद्याप्रमाणे १८,००० वर महिना ३,२४० रुपये. हा कर आधी रोखीने भरावा लागतो, नंतर क्रेडिट मिळतं. वाटाघाटीला बसताना हा आकडा डोक्यात ठेवा.

महिन्याचं भाडं ५०,००० च्या वर गेलं तर टीडीएस कापावा लागतो. धाग्यातल्या कुणाचं तेवढं दिसत नाही, म्हणून लांबण लावत नाही.

लिव्ह अँड लायसन्सचा मुद्रांक लोक उगाच घाबरून टाळतात. ६० महिन्यांपर्यंतच्या मुदतीला एकूण फी आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरलेलं व्याज, यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के. उदाहरण घ्या: महिना २०,०००, डिपॉझिट १ लाख, ३६ महिने. फी ७,२०,०००, व्याज ३०,०००, बेरीज ७,५०,०००. मुद्रांक १,८७५ रुपये. शहरात नोंदणी फी १,०००. एवढ्यासाठी नोटरीच्या कागदावर लाखांचं डिपॉझिट देणारे लोक बघितले की फार वाईट वाटतं.

नवा भागीदार
माझा प्रश्न थोडा वेगळा. आजोबांच्या नावाचं जुनं भाड्याचं दुकान, आता मी आणि चुलतभाऊ बघतो. एक मित्र भांडवल घालायला तयार आहे. सीए म्हणतात प्रायव्हेट लिमिटेड करा. जागेला काही धोका?

शुभदा_वकील
आहे, आणि सीए लोक बहुतेक वेळा तो सांगत नाहीत, कारण त्यांचं लक्ष कराकडे असतं.

कंपनी ही कायद्याने वेगळी व्यक्ती. भाडेकरू तुम्ही आणि गाळ्यात धंदा कंपनीचा, म्हणजे तुम्ही जागा दुसऱ्याला दिलीत असा मालकाचा दावा उभा राहू शकतो. लेखी परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवणं हे कलम १६ मधलं जागा खाली करून घेण्याचं सरळ कारण आहे. शिवाय १ कोटी किंवा त्याहून जास्त भरणा झालेलं भागभांडवल असलेल्या कंपनीला दिलेल्या जागेला कलम ३ मुळे हा कायदा लागूच होत नाही.

भागीदारी तुलनेने सुरक्षित. भागीदार घेतला म्हणून लगेच पोटभाडेकरू होत नाही. जागेवरचा ताबा आणि नियंत्रण मूळ भाडेकरूकडे आहे का, हे कोर्ट बघतं. पण कागदावर भागीदारी आणि प्रत्यक्षात मित्र दुकान चालवतोय, तुम्हाला दरमहा ठरलेली रक्कम मिळतेय, असं असेल तर तो बुरखा कोर्टात टिकत नाही. भागीदारीपत्रात 'भाडेहक्क ही फर्मची मालमत्ता नाही' असं स्पष्ट लिहा.

कलम १६ मधलीच अजून दोन कारणं ठाऊक असू द्या. सबळ कारण नसताना दावा लावण्याआधी सलग सहा महिने जागा ज्या कामासाठी घेतली त्यासाठी वापरली नाही, तर ते पुरतं. आजारपणात शटर बंद राहिलं तर औषधोपचाराचे कागद जपा. आणि लेखी परवानगीशिवाय पक्कं बांधकाम. पार्टिशन किंवा फारशी मोडतोड न करता काढता येईल असा बदल त्यात धरत नाहीत, पण पक्का पोटमाळा चढवलात की वाद ओढवून घेतलात.

पेठकर
आमच्या इमारतीला महापालिकेची धोकादायकची नोटीस लागली आहे. मालक म्हणतो इमारत पाडली की तुमचा भाडेहक्क त्याच दिवशी संपला. खरं आहे का?

शुभदा_वकील
खरं नाही. सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने २०१४ मध्ये शहा रतनसी खिमजी प्रकरणात सांगितलं की महापालिकेने इमारत पाडली म्हणून भाडेहक्क संपत नाही, कारण भाडेपट्ट्यात इमारतीखालची जमीनही येते. पण हक्क उरणं आणि गाळा परत मिळणं यांत बरंच अंतर आहे. पाडण्याआधी महापालिकेकडून प्रत्येक भाडेकरूचं नाव आणि गाळ्याचं मोजमाप नोंदवून घ्या. मोजमापाच्या कागदावर सही झाल्याशिवाय किल्ली देऊ नका. मात्र इमारत खरोखर पडायला आली असेल तर हक्कासाठी आत बसून राहू नका, माल आणि माणसं आधी हलवा.

शाईचे हात
मंडळी, घडलं ते कळवतो. इथला धागा वाचून मी मोठ्या मुलाला फोन केला आणि स्पष्ट सांगितलं की लायसन्सवर सही करणार नाही, पण भाडेहक्क मान्य करून नवा भाडेकरार आणि एकरकमी प्रीमियम यावर बोलायला तयार आहे. तो आधी चिडला, नंतर म्हणाला वकिलाला विचारून सांगतो. दोघांना एक बहीण आहे हेही या बोलण्यात कळलं. चेक आणि पत्र टपालाने पाठवलं आहे.

आता दुसरी अडचण. मागच्या बाजूची कौलं सरकली आहेत आणि आठवड्यापूर्वीच्या पावसात कागदाच्या गठ्ठ्यांवर पाणी पडलं. एका शाळेच्या प्रगतिपुस्तकांचा आर्ट कार्ड फुगून लाटेसारखा झाला, तो सगळा बाद. दुरुस्ती मीच करून घेऊ का? की त्यावरूनही 'परवानगीशिवाय बांधकाम' म्हणतील?

वाडामालक
कौलं शाकारणं हे बांधकाम नाही हो. पण मुलांना आधी फोटो पाठवा. मालकाला आपल्या छपराची अवस्था कळायलाच हवी.

शुभदा_वकील
वाडामालक म्हणतात ते बरोबर. जागा वापरण्याजोगी ठेवणं हे कलम १४ प्रमाणे मालकाचं कर्तव्य आहे. तुम्ही किमान १५ दिवसांची लेखी नोटीस द्या. त्यानंतरही त्यांनी वाजवी वेळेत केलं नाही, तर तुम्ही दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकता. पण एका वर्षात वळती होणारी रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नसते. तुमचं वर्षाचं भाडं ७,६८० रुपये, म्हणजे हाती १,९२०. त्यात कौलं, वासे आणि मजुरी बसणार नाही. भाडं इतकं खाली राहिलं की त्याचा फटका भाडेकरूलाही असा बसतो, म्हणून छपराचा विषय वाटाघाटीतच घ्या. प्रीमियममधला ठरावीक भाग मालकाने अमुक तारखेपर्यंत मागच्या छपरावर खर्च करावा, असं कलम करारात घाला.

तोवर वरून ताडपत्री टाका, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. कौलं होती तशी कौलंच बसवा. पत्रा, लोखंडी अँगल किंवा स्लॅब असलं काही आत्ता करू नका. भिजलेल्या कागदाचे, सरकलेल्या कौलांचे आणि आतून दिसणाऱ्या आभाळाचे तारखेसह फोटो घ्या, बाद झालेल्या मालाचं बिल काढून ठेवा. नोटीस तिघा वारसांच्या नावे जाऊ दे, बहिणीच्याही.

शाईचे हात
बहिणीचा पत्ता मालमत्ता पत्रकाच्या अर्जात मिळाला. नोटीस लिहून झाली आहे, कागद वरच्या रॅकवर हलवले, ताडपत्री संध्याकाळी येतेय. करार ठरला की मसुदा नावं खोडून इथे टाकेन, शुभदाताईंनी एकदा नजर टाकावी.

शुभदा_वकील
नक्की टाका. सही करायच्या आधी टाका.